दोन मिलिमीटरनं काय बिघडतं?

जुनी पॅलिओ घेतली, आता तिला भारी अलॉय टाकायचेत? थांबा जरा. बोल्ट घट्ट झाले म्हणजे चाक बसलं, असं नसतं. पैसे मोजण्याआधी पाच आकडे मोजा.

सेकंडहँड गाडी घेतल्यावर पहिला खर्च कशावर व्हायला हवा? टायमिंग बेल्टवर. ब्रेकवर. सस्पेन्शनच्या बुशवर. आणि होतो कशावर? अलॉय व्हीलवर! कारण टायमिंग बेल्ट कुणाला दिसत नाही, अलॉय मात्र कॉलेजच्या पार्किंगमध्ये शंभर फुटांवरून दिसतात. यात वावगं काही नाही. गाडी देखणी दिसावी असं कुणाला वाटत नाही? मुद्दा एवढाच की गाडीला लावलेल्या बाकी सगळ्या शोच्या वस्तू निखळल्या तर फक्त नुकसान होतं. चाक निखळलं तर थेट जिवाशी खेळ.

यासाठी आपण एकच गाडी उदाहरण म्हणून घेऊ. फिएट पॅलिओ १.६ जीटीएक्स.

आताच्या फर्स्ट इयरवाल्यांना ही गाडी कदाचित आठवणारही नाही, पण घरात कुणी मोठा भाऊ किंवा काका गाडीवेडा असेल तर नाव काढताच त्यांचे डोळे चमकतील. पॅलिओ भारतात आली २००१ मध्ये. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता, त्याच्या नावानं 'एस १०' ही खास आवृत्तीही निघाली. १.६ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आणि शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर. त्या काळातल्या छोट्या गाडीसाठी हा आकडा म्हणजे दंगाच होता. कागदावर ती साधी हॅचबॅक, पण घाटात चालवणाऱ्यांसाठी ती गरिबाची स्पोर्ट्स कार होती. शिवाय गाडी आपल्या मातीतली. आधी मुंबईत कुर्ल्याला आणि नंतर पुण्याजवळ रांजणगावला ती बनायची. आज ती नवी मिळत नाही. जुनी मात्र पॉकेटमनी, पार्टटाइम जॉब आणि घरच्यांची थोडी मनधरणी एवढ्यात जमू शकते.

आणि मग सुरू होतो अलॉयचा शोध.

मेकॅनिकलच्या थर्ड इयरला असलेल्या एका मित्राचं असंच झालं. त्याला मामाची जुनी जीटीएक्स मिळाली. मूळ चाकं गंजलेली होती, म्हणून ऑनलाइन जाहिरातीत बघून त्यानं होंडा सिटीचे वापरलेले चार अलॉय घेतले. चार बोल्टची गाडी, चार होलचा अलॉय, मॅटर क्लोज. दुकानात चाक हबवर जाईना, तेव्हा दुकानवाले काका म्हणाले, "टेन्शन नको घेऊ, लेथवर मधलं होल मोठं करून देतो." तेही झालं. बोल्ट जरा तिरके वाटत होते. "आवळले की येतील लाइनीत." आलेही. गाडी दिसतही होती एक नंबर!

सत्तरच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. बॅलन्सिंग दोनदा केलं, अलाइनमेंट केली, तरी फरक शून्य. शेवटी नेहमीच्या गॅरेजवाल्या मामांनी पुढचं चाक काढायला घेतलं, तर एक बोल्ट नुसत्या हातानं फिरला. दुसऱ्या बोल्टच्या निमुळत्या भागाची एकच बाजू घासून चकाकत होती. मामांनी विचारलं, "पीसीडी बघितला होतास का रे?" मित्र गप्प.

नेमकं चुकलं काय होतं? एकेक करून बघू.

आकडा पहिला : पीसीडी

बोल्टची सगळी होलं ज्या काल्पनिक वर्तुळावर असतात, त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी, अर्थात पिच सर्कल डायमीटर. होंडा सिटी, सँट्रो आणि अशा बऱ्याच गाड्यांचा पीसीडी असतो ४ × १००. म्हणजे चार होलं, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. पॅलिओचा आहे ४ × ९८. हे फिएटचं जुनं खानदानी माप. १९७२ साली आलेली एक्स १/९ ही फिएटची दोन सीटची, मध्ये इंजिन असलेली खरीखुरी स्पोर्ट्स कारही याच ४ × ९८ वर चालायची.

फरक फक्त दोन मिलिमीटरचा आणि तोच घात करतो. ४ × ११४.३ चा अलॉय आणला असता तर तो लागलाच नसता आणि विषय दुकानातच संपला असता. पण १०० चा अलॉय ९८ वर 'लागतो'. चाक अगदी मध्यावर धरलं, तरी प्रत्येक बोल्ट आपल्या होलच्या केंद्रापासून एक मिलिमीटर सरकलेला असतो. त्याचा निमुळता भाग होलच्या खोबणीत गोल बसायच्या ऐवजी एका कडेला टेकतो. आवळताना बोल्ट किंचित वाकतो आणि वाकलेलाच राहतो.

इथे एक गोष्ट समजून घ्या. गाडीचा भार बोल्टच्या दांड्यांवर लटकलेला नसतो. बोल्ट चाकाला हबवर इतकं घट्ट दाबून धरतात की दोघांमधलं घर्षणच भार पेलतं. बोल्ट एका कडेवर टेकला की दाब नीट बसत नाही, चाक बारीक हलायला लागतं आणि प्रत्येक फेरीत बोल्ट थोडाथोडा वाकतो, सरळ होतो. अशा फेऱ्या किती? चाकाचा बाहेरचा व्यास ५८३ मिलिमीटर धरला तर एका किलोमीटरला साधारण ५४६. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. म्हणजे एका खेपेत चाक ५१ हजारांहून जास्त वेळा फिरतं. पेपर क्लिप पुढेमागे वाकवून तोडलीय ना कधी? तेच लॉजिक.

मोजायचं कसं? चार होल असतील तर सोपं आहे. समोरासमोरची दोन होलं घ्या. एका होलच्या डाव्या कडेपासून समोरच्या होलच्याही डाव्याच कडेपर्यंतचं अंतर म्हणजे पीसीडी. शाळेतल्या पट्टीनं ९८ आणि १०० मधला फरक पकडणं अवघड आहे, व्हर्निअर कॅलिपर लागेल. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तो असतोच, फर्स्ट इयरनंतर पहिल्यांदा खरा उपयोग होईल! पाच होलच्या चाकात समोरासमोर होल नसतं. तिथे शेजारच्या दोन होलांच्या केंद्रांमधलं अंतर मोजा आणि १.७०१ नं गुणा.

आकडा दुसरा : मधलं होल

चाकाच्या मधोमध जे मोठं होल असतं ते सेंटर बोअर. पॅलिओच्या हबचा माथा ५८.१ मिलिमीटरचा. होंडा सिटीच्या चाकाचं होल ५६.१ चं. म्हणूनच ते चाक दुकानात हबवर जाईना. गाडी स्वतःच सांगत होती की हे माझं नाही.

होल लहान असेल तर चाक सपाट टेकतच नाही. मोठं असेल तर टेकतं, पण मध्यावर आपोआप येत नाही. बाजारातले बरेच अलॉय मुद्दाम मोठ्या होलचे बनवतात, उदाहरणार्थ ७३.१ चे, म्हणजे एकच अलॉय अनेक गाड्यांना विकता येतो. अशा वेळी मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. पॅलिओसाठी ती बाहेरून ७३.१ आणि आतून ५८.१ हवी. रिंग असते किरकोळ किमतीची, पण 'आहे की नाही' हे विचारणारे फार कमी. बॅलन्सिंग करूनही थरथर जात नसेल तर आधी तिथे बघा. बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक नीट मध्यावर धरलेलं असतं. गाडीवर ते तसं असेलच असं नाही.

आकडा तिसरा : ऑफसेट

चाकाच्या मागे 'ईटी ३५' किंवा 'ईटी ४५' असं कोरलेलं दिसेल. ईटी हे जर्मन शब्दाचं लघुरूप. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि चाक हबला जिथे टेकतं तो भाग, यांच्यात किती मिलिमीटरचं अंतर आहे ते हा आकडा सांगतो. आकडा वाढला की चाक आत सरकतं, कमी झाला की बाहेर येतं.

आता गणित करू. समजा मूळ चाक साडेपाच इंच रुंद आणि ईटी ३५ आहे. तुम्ही साडेसहा इंची, ईटी ३५ चं घेतलं. रुंदी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटरनं वाढली. ती दोन्हीकडे निम्मी वाटली जाते, १२.७ आत आणि १२.७ बाहेर. आत शॉकअॅब्सॉर्बर आहे, बाहेर फेंडर. आता तेच चाक ईटी २५ चं घेतलं तर आतली बाजू फक्त २.७ मिलिमीटर सरकेल, पण बाहेरची २२.७ नं बाहेर येईल. फोटोत भन्नाट दिसेल. खड्ड्यात मात्र फेंडर टायर कापेल आणि बेअरिंगवरचा ताण वाढेल तो वेगळाच.

म्हणून ट्रायल दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, चार मित्र बसवा, एक स्पीडब्रेकर पार करा. कुठूनही घासल्याचा आवाज आला तर तो अलॉय परत.

आकडा चौथा : बोल्ट

होंडाला हबवर स्टड असतात आणि बाहेरून नट लागतात. फिएटमध्ये हबला होल असतं आणि त्यात बोल्ट जातो, एम १२ × १.२५ मापाचा. म्हणजे १२ मिलिमीटर जाड आणि आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. बऱ्याच गाड्यांचं माप असतं १२ × १.५. हातात घेतले तर दोन्ही सारखेच वाटतात, पण पान्याचा जोर लावून चुकीचा बोल्ट घुसवला की हबचे आटे गेले.

त्याहून छुपी भानगड म्हणजे बोल्ट जिथे बसतो त्या खोबणीचा आकार. फिएटचा बोल्ट निमुळता असतो, शंकूसारखा. होंडाच्या मूळ अलॉयमधली खोबणी मात्र गोलसर असते, चेंडू बसेल अशी. गोल वाटीत शंकू ठेवून बघा, फक्त एका रेषेवर टेकतो. म्हणजे मित्राच्या गाडीत पीसीडी चुकलेला, होल लेथवर वाढवलेलं आणि खोबणीही वेगळी. एकाच चाकात तीन घोळ! तरी ते चाक 'बसलं' होतं.

लांबीही बघा. अलॉयचा हबला टेकणारा भाग पत्र्याच्या चाकापेक्षा जाड असतो, त्यामुळे जुने बोल्ट तोकडे पडू शकतात. साधा नियम असा की बोल्ट जेवढा जाड, निदान तेवढा तो आट्यात शिरायला हवा. १२ भागिले १.२५, म्हणजे हातानं साधारण दहा फेरे. चार-पाच फेऱ्यांतच घट्ट झाला तर बोल्ट लहान आहे किंवा काहीतरी अडतंय.

याच्या उलटही होतं. लांब बोल्ट स्टेपनीच्या पातळ चाकाला वापरले तर ते पलीकडे निघून ब्रेकच्या भागांना लागू शकतात. म्हणून स्टेपनी पत्र्याचीच असेल तर जुने बोल्ट फेकू नका. पिशवीत घालून डिकीत ठेवा. रात्री दोन वाजता खंडाळ्यात स्वतःलाच धन्यवाद द्याल.

आकडा पाचवा : टायर

चाकाची इंच वाढवली की टायरची उंची कमी करायची. एकूण व्यास जवळपास तेवढाच राहिला पाहिजे. उदाहरणापुरतं १७५/६५ आर १४ घेऊ. १७५ चे ६५ टक्के म्हणजे ११३.७५. ते वर आणि खाली धरून २२७.५. त्यात १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिळवा. एकूण ५८३.१ मिलिमीटर. १५ इंचावर जायचं असेल तर १९५/५० आर १५ चा व्यास येतो ५७६, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास कमी. चालेल. पण 'गाडी उंच दिसेल' म्हणून १९५/६० आर १५ टाकला तर ६१५ मिलिमीटर, साडेपाच टक्के जास्त. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ८४ च्या पुढे असेल आणि टायर आत घासण्याची शक्यता वेगळी. तुमच्या गाडीचं मूळ माप मॅन्युअलमध्ये मिळेल, गणित त्यावरून करा.

टायरवरच्या मापाच्या शेवटी '८२ टी' किंवा '८४ एच' असं काहीतरी असतं. त्यातला अंक भार सांगतो. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. मूळ टायरपेक्षा हा अंक खाली जाऊ देऊ नका.

मग ४ × ९८ वाल्यांनी करायचं काय?

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे फिएटच्याच घरातले अलॉय शोधा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ ही जुन्या पार्टांची ठिकाणं गाडीवाल्यांना पाठ आहेत. कुर्ल्यात बनलेल्या गाडीचे पार्ट कुर्ल्यातच शोधायचे यात एक वेगळीच मजा आहे. तिथे जाताना आकडे मोबाइलमध्ये लिहून न्या आणि व्हर्निअर सोबत ठेवा. 'पॅलिओचाच आहे' या शब्दावर नको, मापावर विश्वास ठेवा. आणि चाक फिएटचं असलं तरी ऑफसेट आणि रुंदी तपासायचीच.

दुसरा रस्ता सरकत्या कॉलरच्या खास बोल्टचा. यात निमुळता भाग बोल्टपासून वेगळा असतो आणि थोडासा सरकतो, त्यामुळे ९८ आणि १०० मधला एक-एक मिलिमीटर भरून निघतो. ही वस्तू याच कामासाठी बनवलेली आहे. पण बोल्ट चांगल्या दर्जाचे हवेत, अलॉयची खोबणी निमुळती हवी आणि चाक मध्यावर धरायला हब रिंग हवीच. 'साधे बोल्टच जोर लावून आवळले' याला हे नाव देऊ नका.

तिसरा रस्ता अॅडॅप्टरचा. एका बाजूला ९८, दुसऱ्या बाजूला १०० अशी जाड चकती. पण चकती जेवढी जाड तेवढं चाक बाहेर येतं. वीस मिलिमीटरची चकती म्हणजे ऑफसेट थेट वीसनं कमी. छोट्या गाडीत तेवढी जागा बहुतेक वेळा नसतेच.

आणि होलं घासून लांबट करून घेणं? हा रस्ताच नाही. नाही म्हणजे नाही.

वापरलेले अलॉय घेताना

पुढून चाक सगळेच बघतात, तुम्ही मागून बघा. आतल्या कडेला बाक आहे का? काड्यांच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का? वेल्डिंग करून वर रंग मारलाय का? ताजा, जाड रंग दिसला की शंका घ्या. शक्य असेल तर पैसे द्यायच्या आधी टायर दुकानातल्या बॅलन्सिंग मशिनवर नुसतं फिरवून घ्या, डगमग लगेच दिसते.

मागे कोरलेले आकडे वाचा. रुंदी, ईटी, पीसीडी आणि जास्तीत जास्त भार. भारतात अलॉय व्हीलसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे. जपानी मानकाचं 'जेडब्ल्यूएल' हे चिन्हही अनेक चाकांवर दिसतं. काहीच कोरलेलं नसेल तर ते चाक कितीही स्वस्त असलं तरी महाग आहे.

कागदाचंही बघा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत असलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. म्हणून मूळ मापाच्या जवळ राहणंच शहाणपणाचं. बॉडीच्या बाहेर डोकावणारी चाकं पोलिसांनाही शंभर फुटांवरून दिसतात! इन्शुरन्स कंपनीला अलॉयबद्दल लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद होते का ते विचारा. अपघातानंतर पहिल्यांदा सांगायची ही गोष्ट नाही.

मोठं म्हणजे भारी?

जगात सगळ्यात जास्त विकली गेलेली दोन सीटची ओपन स्पोर्ट्स कार म्हणजे माझदाची एमएक्स-५. १९८९ मध्ये ती आली तेव्हा तिची चाकं होती १४ इंची, रुंदी फक्त साडेपाच इंच. आज अनेक फॅमिली हॅचबॅकची चाकं याहून मोठी असतात. तरी वळणावर कशी पळते म्हणून लोक तिचं नाव घेतात. स्प्रिंगच्या खाली असलेलं वजन जेवढं कमी, तेवढं चाक रस्त्याला चिकटून राहतं. जड १६ इंची अलॉय टाकून आपण पॅलिओची चपळाईच काढून घेतो, वर खड्ड्यात रिम वाकते ती वेगळी.

मित्राच्या गाडीला शेवटी मूळ मापाची चाकं लागली. सीएसटी रोडच्या तीन चकरा, चार वेगवेगळ्या दुकानांतून चार अलॉय आणि एकाच रंगात पावडर कोटिंग. नवे बोल्ट. मामांनी टॉर्क रेंच लावून मॅन्युअलमधल्या आकड्यावर, समोरासमोरच्या क्रमानं बोल्ट आवळून दिले आणि बजावलं, "शंभर किलोमीटर झाले की परत ये, पुन्हा चेक करायचे." तो गेलाही. नव्वदच्या स्पीडला स्टिअरिंग आता शांत असतं.

तुम्हीही अलॉय घ्या, बिनधास्त घ्या. फक्त दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न 'केवढ्याला?' हा नको. पहिला प्रश्न 'पीसीडी किती?' समोरचा म्हणाला, "बसेल रे, सगळ्यांना बसतात," तर हसून थँक्यू म्हणा आणि पुढच्या दुकानात जा.